दूरचित्रवाणी संचाचा वीजपुरवठा : घरगुती दोषशोधन आणि दुरुस्ती

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीहून सुरू झाले. मुंबई केंद्राचा आरंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचविण्याचा प्रयोग करण्यात आला आणि १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. या कालावधीत आणि त्यानंतर संचाचे रूप ओळखू न येण्याइतके पालटले. लाकडी पेटीतील निर्वात नलिका गेल्या आणि ट्रँझिस्टर आले. काचेची जड चित्रनलिका गेली आणि भिंतीवर टांगता येणारा सपाट पडदा आला. एक विभाग मात्र प्रत्येक पिढीच्या संचात कायम राहिला. भिंतीतील वीज घेऊन ती संचाला मानवेल अशा रूपात देणारा हा विभाग म्हणजे वीजपुरवठा, किंवा कारागिरांच्या भाषेत पॉवर सप्लाय.

संच बंद पडला म्हणजे पहिला संशय या विभागावर घ्यावा, हे रास्तच आहे. बाहेरच्या विजेचे सर्व चढउतार प्रथम तो सोसतो, त्यात उष्णता निर्माण होते आणि संचाची लाल खूण जळत असेपर्यंत त्याला विश्रांती अशी नसते. त्यातील दोष पुष्कळदा एखाद्या लहानशा, स्वस्त भागात असतो आणि तो शोधण्यास फार मोठी साधनसामग्रीही लागत नाही. परंतु संचातील सर्वांत धोकादायक भाग हाच आहे, ही या गोष्टीची दुसरी बाजू होय. संच जितका पूर्णपणे बंद पडलेला असेल, तितका त्याच्या आतील विद्युत् भार अधिक काळ टिकून राहण्याचा संभव असतो. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण त्यामागील कारण समजले म्हणजे दोष कसा शोधावा आणि जीव कसा सांभाळावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी मिळतात. ते कारण स्पष्ट करणे हाच या प्रकरणाचा मुख्य हेतू आहे.

येथील विवेचन सपाट पडद्याच्या एलसीडी आणि एलईडी संचांपुरते मर्यादित आहे. चित्रनलिकेच्या जुन्या रंगीत संचात नलिकेला वीस हजार व्होल्टहून अधिक दाब दिलेला असतो, तर प्लाझ्मा पडद्याच्या संचात सुमारे २०० व्होल्टचा दाब मोठ्या धारित्रांत साठलेला असतो. हे दोन्ही प्रकार अनुभवी कारागिराकडेच सोपवावेत.

वीजपुरवठ्याचे कार्य

आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्झ कंप्रतेची असते. हा प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा पालटणारा असतो. संचातील अर्धसंवाहक भागांना मात्र एकाच दिशेने वाहणारा, कमी दाबाचा आणि स्थिर प्रवाह लागतो. सामान्यतः ५, १२ आणि २४ व्होल्ट असे दाब संचात वापरलेले आढळतात. पडद्यामागील दिव्यांच्या माळांना यापेक्षा बराच अधिक दाब लागतो.

पूर्वीच्या संचांत हे काम लोखंडी गाभ्याचे जड रोहित्र करीत असे. बाहेरचा दाब कमी झाला की चित्र आकसे. म्हणूनच १९८० च्या दशकात अनेक घरांत संचाशेजारी स्टॅबिलायझरची पेटी दिसे. आजच्या संचात निराळी पद्धत वापरतात. तिचे टप्पे क्रमाने पाहू.

आत येणारा प्रवाह प्रथम फ्यूजमधून जातो. फ्यूजनंतर दोन तारांमध्ये एक चकतीसारखा भाग बसविलेला असतो, त्यास व्हॅरिस्टर म्हणतात. दाब मर्यादेबाहेर चढला की तो एकदम संवाहक बनतो आणि स्वतःचा बळी देऊन पुढील भागांचे रक्षण करतो. त्यानंतर चार डायोडांचा एकदिशकारक प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. हा प्रवाह एका मोठ्या धारित्रात साठविला जातो. धारित्र हा शब्द परिभाषेतला. बाजारात त्याला कपॅसिटर म्हणतात आणि जुन्या कारागिरांच्या तोंडी अजून कंडेन्सर हेच नाव आहे. २३० व्होल्ट ही प्रत्यावर्ती दाबाची परिणामी किंमत होय. त्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. धारित्र या शिखरापर्यंत भारित होते. मोठ्या संचांत त्याआधी आणखी एक टप्पा असतो आणि तेथे हा दाब ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत नेलेला असतो.

यापुढील काम मॉसफेट या जातीचा ट्रँझिस्टर करतो. नियंत्रक आयसीच्या हुकमावरून तो हा दाब सेकंदाला हजारो वेळा, बहुधा पन्नास हजारांहूनही अधिक वेळा, जोडतो आणि तोडतो. एवढ्या उच्च कंप्रतेमुळे फेराइट गाभ्याचे मुठीत मावेल एवढे रोहित्र पुरेसे होते. रोहित्राच्या दुसऱ्या बाजूस कमी दाब मिळतो. तो पुन्हा डायोडांनी एकदिश करून लहान धारित्रांनी सपाट केला जातो. तेथील दाब योग्य आहे की नाही, याची वार्ता ऑप्टोकपलर हा भाग प्रकाशाच्या द्वारे नियंत्रकाकडे परत पोचवितो. तारेने जोडणी न करता प्रकाश वापरण्याचे कारण असे, की फलकाच्या दोन बाजू एकमेकींपासून विद्युत्‌दृष्ट्या अलग राहाव्यात. भिंतीतील विजेशी थेट संबंध असलेली ती प्राथमिक बाजू आणि रोहित्रापलीकडची ती दुय्यम बाजू होय. फलकावर या दोहोंमध्ये रुंद मोकळी पट्टी सोडलेली असते किंवा ठळक रेषा छापलेली असते. दुरुस्ती करणाऱ्याने ही सीमा प्रथम ओळखावी.

धोका कोठे असतो

मोठ्या धारित्राची धारकता १०० मायक्रोफॅरड आणि दाब ३२५ व्होल्ट धरल्यास त्यात सुमारे ५ जूल ऊर्जा साठलेली असते. अर्धा किलो वजन मीटरभर वर उचलण्यास एवढीच ऊर्जा लागते. परंतु धारित्र ती क्षणार्धात, आणि हात लावणाऱ्याच्या शरीरातून, मोकळी करू शकते. तीनशे व्होल्टहून अधिक दाबाचा असा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

चालू असलेल्या संचाचा प्लग काढला, तर आतील मंडले धारित्रातील भार काही सेकंदांत वापरून टाकतात. लाल खूण हळूहळू मावळते ती यामुळेच. पण नियंत्रक किंवा त्याला सुरू करणारा रोधक निकामी झाला असेल, तर मॉसफेट जोडतोड करीत नाही आणि धारित्रातील भार वापरणारे कोणीच उरत नाही. फ्यूज शाबूत, एकदिशकारक शाबूत, धारित्र पूर्ण भारित, आणि बाहेरून पाहावे तर संच निष्प्राण! अशा संचाचा प्लग काढून ठेवल्यावरही बराच वेळ आत तीनशे व्होल्ट असू शकतात. संच जितका बंद, तितका भार टिकाऊ, या विधानाचा अर्थ हा असा आहे.

म्हणून पुढील नियम काटेकोरपणे पाळावेत. प्लग भिंतीतून काढावा. केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लगचे टोक आपल्या नजरेसमोर ठेवावे, म्हणजे घरातील दुसरे कोणी ते न कळत लावणार नाही. अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे. जमीन कोरडी असावी, पायात रबरी चपला असाव्यात. काम करताना घरात दुसरे जाणते माणूस असावे आणि मुख्य स्विच कोठे आहे ते त्यास ठाऊक असावे. घरात ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविलेला असला, तरी त्यावर विसंबून राहू नये. जमिनीत होणारी गळती तो ओळखतो; धारित्राची दोन्ही टोके एकाच वेळी हाताला लागली तर तो काहीही करू शकत नाही.

झाकण उघडल्यावर मोठ्या धारित्रातील भार काढून टाकावा. त्यासाठी १० हजार ओहमचा, १० वॅटचा रोधक घ्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना चांगले वेष्टण असलेल्या तारा जोडून त्यांना चिमटे लावावेत. हा रोधक धारित्राच्या दोन टोकांवर अर्धा मिनिट धरावा. धारकता १०० मायक्रोफॅरड असेल तर दर सेकंदाला दाब आधीच्या सुमारे ३७ टक्के उरतो आणि पाच सेकंदांत तो दोन-तीन व्होल्टांवर येतो. काही जण पेचकसाने धारित्राची टोके जोडून ठिणगी पाडतात. ही पद्धत टाकाऊ आहे. तिच्यामुळे डोळ्यांना इजा होते, फलकावरील तांब्याच्या पट्ट्या उडतात आणि चांगले भागही बिघडतात. रोधक काढल्यानंतर मल्टिमीटर ६०० किंवा १,००० व्होल्ट एकदिश दाबाच्या श्रेणीवर ठेवून मोजमाप घ्यावे. काटा अथवा अंक शून्याजवळ दिसल्याखेरीज फलकाला हात लावू नये.

भार काढण्यापूर्वीचे मोजमापही बोलके असते. प्लग काढून काही मिनिटे झाली असताना धारित्रावर ३०० व्होल्ट मिळाले, तर फ्यूज आणि एकदिशकारक ठीक असून दोष त्यांच्या पुढे आहे, असा निष्कर्ष निघतो. जीव वाचविण्यासाठी केलेली तपासणी दोषाची दिशाही अशा रीतीने दाखविते.

झाकण उघडण्यापूर्वी

बंद संचाचे झाकण लगेच उघडण्याची घाई करू नये. ज्या सॉकेटमधून संच चालतो, तेथे टेबलावरचा दिवा लावून पाहावा. सॉकेटची पकड ढिली झाल्याने किंवा तार प्लगपाशी आतून तुटल्यानेही संच बंद पडतो. सुट्टी होणारी वीजतार असल्यास दुसरी लावून पाहावी. दूरनियंत्रकातील घट संपले असतील. म्हणून संचावरचे बटण दाबून पाहावे.

शेजारच्या घरांतही त्याच दिवशी उपकरणे जळाली आहेत काय, याची चौकशी करावी. आपल्याकडे तीन कलांच्या वितरणात न्यूट्रल तार तुटल्यास काही घरांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. त्याचे शिखर साडेपाचशे व्होल्टांहून अधिक असते आणि ४५० व्होल्टांसाठी बनविलेले धारित्र ते सोसू शकत नाही. वीज कोसळल्यानेही असाच आघात होतो. अशा वेळी व्हॅरिस्टर फुटलेला आणि फ्यूज काळा झालेला आढळतो. मूळ कारण वितरणात असेल, तर ते दूर झाल्याशिवाय दुरुस्त केलेला संच पुन्हा जोडणे व्यर्थ होय.

लक्षणे काय सांगतात

लाल खूण मुळीच लागत नसेल, तर प्राथमिक बाजूवर किंवा ५ व्होल्टच्या राखीव पुरवठ्यावर संशय घ्यावा. खूण लागते पण संच उठत नाही, तेव्हा राखीव पुरवठा चालू असून मुख्य पुरवठा किंवा मुख्य फलक यांपैकी एकात दोष असतो. संच सुरू होतो आणि काही क्षणांत बंद पडतो, टिकटिक असा आवाज येत राहतो, किंवा थंडीच्या सकाळी सुरू व्हायला दहा मिनिटे घेतो आणि एकदा तापला की दिवसभर नीट चालतो. ही सारी लक्षणे दुय्यम बाजूच्या लहान धारित्रांकडे बोट दाखवितात. आवाज येतो पण चित्र दिसत नाही, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकस विजेरी मारावी. पुसट चित्र हलताना दिसले, तर दोष पडद्यामागील दिव्यांत किंवा त्यांच्या चालकात आहे. मग ५ आणि १२ व्होल्टच्या मंडलात वेळ घालविण्याचे कारण नाही.

डोळ्यांनी तपासणी

भार काढून झाल्यावर फलक चांगल्या उजेडात पाहावा. धारित्राचा वरचा पत्रा सपाट असावयास हवा. तो फुगला असेल किंवा त्यावर तपकिरी ओल दिसत असेल, तर ते निकामी झाले आहे. कधी धारित्र वरून चांगले दिसते आणि रबरी बुडातून द्रव पाझरलेला असतो. जड भागांचे, विशेषतः रोहित्राचे, सांधे फलकाच्या मागील बाजूने भिंगातून पाहावेत. तापण्या-निवण्याच्या चक्रांमुळे पायाभोवती केसासारखी वर्तुळाकार चीर पडते आणि संपर्क तुटतो. असा सांधा नव्याने डाखला की संच चालू लागतो.

फ्यूजची काच आतून काळी किंवा रुपेरी झाली असेल, तर प्रवाह फार मोठा वाहिला होता आणि पुढे कोठेतरी शॉर्ट आहे. काच स्वच्छ असून नुसती तार तुटलेली असेल, तर आघात सौम्य होता. दोन्ही प्रसंगी फ्यूज बदलून थेट वीज जोडणे चुकीचे आहे. फ्यूजवर लिहिलेले प्रवाहाचे आणि दाबाचे आकडे व त्याचा सावकाश वितळण्याचा गुण जसाच्या तसा राखावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे घराला आग लावण्याची पूर्वतयारी होय.

मोजमाप

वीज न जोडता बरीच मोजमापे घेता येतात आणि घरगुती दुरुस्तीत त्यांवरच भर द्यावा. मल्टिमीटर डायोडच्या श्रेणीवर ठेवून एकदिशकारकाचे चारही डायोड तपासावेत. चांगला डायोड एका दिशेने साधारण ०·५ ते ०·७ व्होल्ट दाखवितो आणि उलट दिशेने काही दाखवीत नाही. दोन्ही दिशांनी शून्य मिळाले तर तो जळून एकजीव झाला आहे. मॉसफेटच्या मधल्या आणि शेवटच्या पायांमध्ये दोन्ही दिशांनी शून्य मिळाले, तर फ्यूज जाण्याचे कारण सापडले असे समजावे. मात्र नुसता मॉसफेट बदलून चालत नाही. तो जाताना आपल्या पायाशी असलेला अल्प मूल्याचा रोधक आणि पुष्कळदा नियंत्रक आयसीही बरोबर नेतो. हे भाग न तपासता नवा मॉसफेट बसविला, तर तो पहिल्याच क्षणी जळतो.

फ्यूज शाबूत आणि धारित्र भारित, पण ५ व्होल्ट नाहीत, अशा वेळी सुरुवातीचा प्रवाह देणारे रोधक तपासावेत. त्यांचे मूल्य बहुधा काही लाख ओहम असते. असा रोधक बाहेरून निष्कलंक दिसूनही आतून तुटलेला असू शकतो.

चालू स्थितीत मोजमाप घ्यावयाचे झाल्यास ते केवळ दुय्यम बाजूच्या ५, १२ व २४ व्होल्टच्या जोडांवर घ्यावे. मीटरचे चिमटे प्लग काढलेला असताना लावावेत, हात दूर घ्यावेत, मग वीज जोडावी. एक चिमटा सरकवून दुसरीकडे लावायचा असेल, तर पुन्हा प्लग काढावा. ५ व्होल्टच्या जागी ३·८ मिळत असतील आणि आकडा स्थिर राहात नसेल, तर लहान धारित्रांवरचा संशय बळावतो. प्राथमिक बाजूवर चालू स्थितीत मोजमाप घेणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे.

धारित्र का बिघडते

या धारित्रांत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये द्रवाने भिजविलेला कागद गुंडाळलेला असतो. हा विद्युत् विच्छेद्य द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो आणि धारित्राचा अंतर्गत रोध वाढत जातो. येथे एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धारकता मोजणाऱ्या साध्या मीटरवर असे धारित्र पुष्कळदा जवळजवळ योग्य आकडा दाखविते, पण उच्च कंप्रतेच्या प्रवाहाला ते अडथळा करीत असते. म्हणून फुगीर पत्र्याचा किंवा लक्षणांचा पुरावा मीटरच्या एका आकड्यापेक्षा अधिक मोलाचा मानावा.

धारित्राच्या आयुष्यासंबंधी एक ठोकळ नियम आहे. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांना २,००० तास टिकणारे धारित्र ८५ अंशांना ८,००० आणि ६५ अंशांना ३२,००० तास टिकेल. संच रोज सहा तास चालतो असे धरले, तर पहिला काल साडेतीन वर्षांहून थोडा अधिक आणि दुसरा साडेचौदा वर्षांच्या आसपास येतो. एकाच संचाचे आयुष्य चौपट होणे किंवा चतुर्थांशावर येणे केवळ वीस अंशांवर अवलंबून असते! नागपूरच्या किंवा जयपूरच्या उन्हाळ्यात बंद कपाटात कोंबलेला, मागील जाळी धुळीने बुजलेला संच लवकर का बिघडतो, याचे उत्तर या गणितात आहे. संचामागे हात जाईल एवढी जागा सोडणे आणि जाळी स्वच्छ ठेवणे, हीच सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणता येईल.

धारित्र बदलणे

नवे धारित्र घेताना धारकता तीच असावी. दाबाची मर्यादा तीच किंवा एक पायरी वरची चालेल, खालची कधीही चालणार नाही. १०५ अंशांचे आणि अंतर्गत रोध कमी असलेले धारित्र मागावे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, बंगळूरुचा एस. पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट येथे असे सुटे भाग मिळतात. जुने भाग पुसून नवे म्हणून विकणारेही असतात. तेव्हा विश्वासाच्या दुकानातून घ्यावे. एकाच मंडलातील एक धारित्र फुगले असेल, तर त्याच्या जोडीची इतरही बदलावीत, कारण त्यांनीही तीच उष्णता सोसलेली असते.

जुने धारित्र काढण्यापूर्वी फलकाचे छायाचित्र घ्यावे. या धारित्रांना ऋण आणि धन टोके असतात. अंगावरची पट्टी ऋण टोक दाखविते. फलकावरील खुणेची पद्धत सर्वत्र एकसारखी नसते, म्हणून जुन्या धारित्राची पट्टी कोणत्या बाजूस होती हेच प्रमाण मानावे. उलटे बसविलेले धारित्र तापून फुटते. २५ ते ४० वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. आजच्या फलकांवर शिसेविरहित डाख असतो; तो सुमारे २१७ अंशांना वितळतो, तर कथिल आणि शिशाचा जुना डाख सुमारे १८३ अंशांपासूनच मऊ होऊ लागतो. यास्तव सांध्यावर प्रथम थोडा जुन्या प्रकारचा डाख लावला म्हणजे तो लवकर सुटतो आणि तांब्याची पट्टी उखडत नाही. खिडकी उघडी ठेवावी आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

फलकावर एक्स आणि वाय या खुणांची सुरक्षा धारित्रे असतात. वाय जातीचे धारित्र प्राथमिक आणि दुय्यम बाजूंच्या सीमेवर बसते. जमिनीची जोडणी नसलेल्या संचाच्या धातूच्या भागाला हात लावला असता जी बारीक झिणझिणी जाणवते, ती बहुधा याच्यामार्फत येते. याच्या जागी त्याच जातीचे प्रमाणित धारित्रच बसवावे. येथे साधे धारित्र घातले आणि ते शॉर्ट झाले, तर भिंतीतील वीज थेट संचाच्या बाह्य भागांवर येईल.

पुन्हा वीज जोडताना

दुरुस्त केलेला फलक प्रथम सिरीज दिव्यातून तपासावा. शंभर वॅटचा तंतूचा दिवा फेजच्या तारेत मालिकेत जोडलेला बोर्ड जवळजवळ प्रत्येक कारागिराकडे असतो. असा बोर्ड जाणकार वायरमनकडून करून घ्यावा. फलकात शॉर्ट राहिला असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि प्रवाह ०·४३ अँपिअरहून पुढे जात नाही. त्यामुळे नवे भाग वाचतात. दिवा क्षणभर चमकून मंदावला किंवा विझला, तर शॉर्ट नाही असे समजावे. एलईडीचा दिवा या कामाला उपयोगी नाही, कारण त्याचा रोध तंतूप्रमाणे वागत नाही. मोठा संच सिरीज दिव्यातून पूर्ण सुरू होणार नाही. लाल खूण लागली तरी पुरे. मग झाकण बसवावे आणि त्यानंतरच वीज थेट जोडावी.

काही मर्यादा येथे सांगणे अवश्य आहे. फलक जळून कोळसा झाला असेल, फ्यूज दुसऱ्यांदा गेला असेल, संचात पाणी शिरले असेल किंवा दोष रोहित्रात असेल, तेथे थांबावे. कोळसा स्वतःच विद्युत्‌वाहक असतो, त्यामुळे जळक्या फलकावर नवे भाग बसवूनही धोका कायम राहतो. अशा वेळी पूर्ण फलक बदलणे श्रेयस्कर; मात्र त्यावर छापलेला क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. संच हमीच्या मुदतीत असल्यास झाकण उघडूच नये.

टाकून दिलेल्या विद्युत् उपकरणांचा प्रश्न आता देशापुढे उभा आहे. त्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून दूरचित्रवाणी संच त्यांच्या कक्षेत येतात. ग्राहकाला दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळही सुरू केले. परंतु नियमांच्या आधी घरातला निर्णय येतो. एखाद्या सुकलेल्या धारित्रापायी सबंध संच भंगारात जावा, हे समंजसपणाचे नाही. आणि तो वाचविण्याच्या उत्साहात कोणी भारित धारित्राला हात लावावा, हे त्याहून वाईट. प्लग काढणे, भार उतरविणे, पाहणे, मोजणे आणि मग बदलणे, हा क्रम ज्याने कधी मोडला नाही, त्याला संच उघडण्याचा अधिकार आहे. एखादी पायरी गाळण्याचा मोह ज्या क्षणी होईल, त्या क्षणी झाकण पुन्हा बसवून कारागिराला बोलवावे.